बूश्ताची बाजू

यंत्रं कानांत बसवल्यावर थामीला सगळ्यात आधी ऐकू आला तो त्याचा स्वतःचाच झगा. खुर्चीवरून उठताना कापडाला कापड घासलं आणि कोण आलं म्हणून तो दचकून मागे बघू लागला. कान तपासणाऱ्या बाई हसल्या. त्याची मुलगी बतूल मात्र हसली नाही, तिचे डोळे भरून आले.

"बा, मी हळू बोलतेय," ती म्हणाली. "ऐकू येतंय?"

बारा वर्षांत ती त्याच्याशी ओरडल्याशिवाय बोलली नव्हती. तिचा हळू आवाज तिच्या आईवर गेलाय, हे थामीला त्या दिवशी कळलं, फेझच्या नव्या शहरातल्या एका दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तो उगाचच खिडकीबाहेर बघत राहिला.

तांबटाचं म्हातारपण कानापासून सुरू होतं, असं सफ्फारीन चौकात म्हणतात. चौक तो केवढासा! मध्ये एक डेरेदार झाड, एका अंगाला जुनं ग्रंथालय आणि उरलेल्या तिन्ही अंगांना तांबटांची दुकानं. थामी चौदाव्या वर्षी तिथे ऐरणीवर बसला तेव्हा सकाळी जे हातोडे सुरू व्हायचे ते दुपारची बांग होईपर्यंत. बांग झाली की सगळे एकदम थांबत आणि ती शांतता कानात दुखे. बोलायला कुणाला फुरसत नव्हती आणि बोलून उपयोगही नव्हता, त्यामुळे सगळा कारभार खुणांनी चाले. दोन बोटं ओठांशी नेली की चहा. गालावरून हात फिरवला की परगावचं गिऱ्हाईक येतंय, भाव चढवून सांगा. पन्नाशी आली की तांबटाला बायकोचं बोलणं कमी ऐकू यायला लागे, आणि चौकातले टवाळ म्हणत, हीच या धंद्याची पेन्शन.

चौकाबाहेर मात्र खुणा चालत नसत. लग्नात, मयताला, सोयरिकीच्या बैठकीत बिचारे तांबट नंदीबैलासारखे मान डोलावत बसायचे. त्यांना हसणं सोपं आहे. पण 'काय म्हणालात?' असं एकदा विचारलं तर समोरचा मोठ्याने सांगतो, दुसऱ्यांदा विचारलं तर वैतागतो आणि तिसऱ्यांदा 'जाऊ दे, काही नाही' म्हणतो. ते 'काही नाही' फार लागतं. त्यापेक्षा हसून हो म्हणावं नि मोकळं व्हावं. फेझात तर बोलायची रीतच पडली होती की तांबटाने हो म्हटलं, तर पुन्हा एकदा विचारून घ्या.

थामीचं दुकान जोडदुकान होतं. पुढची खोली त्याची, आतली बूश्ताची, मध्ये फळ्यांचं दार. बूश्ता डावखुरा होता आणि म्हणूनच दोघांची जोडी जमली. मोठं भांडं मध्ये ठेवायचं आणि समोरासमोर बसायचं. थामीचा उजवा हात आणि बूश्ताचा डावा हात भांड्याच्या एकाच अंगाला राहत, कोपराला कोपर लागत नसे. थामी ठोका घाली आणि त्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधल्या जागेत बूश्ता आपला ठोका घाली. त्यात इतका मेळ होता की दाराशी उभ्या गिऱ्हाईकाला वाटे, आत एकच माणूस दुप्पट वेगाने मठारतोय. बूश्ताचे ठोके पत्र्यावर किंचित डावीकडे कलून उमटत. भांडं उन्हात धरलं की कुठली बाजू कुणाची, हे चौकातलं पोरही सांगे.

दोघांनी सुरू केलेलं भांडं दोघांनीच संपवायचं, हा चौकाचा जुना रिवाज. एकट्याने संपवलं तर ते कधी ना कधी गळतंच. दोघांतला एक गेला किंवा त्याने हात टेकले, तर त्याच्या जागी त्याच्या रक्ताचं माणूस बसू शकतं. तसं कुणी नसेल तर भांडं वितळवून टाकायचं. बूश्ताला मूलबाळ नव्हतं. थामीला एकटी बतूल, आणि मुली काही ऐरणीवर बसत नाहीत. पण बूश्ता कधी कुणाचं ऐकून वागला होता? लहानपणी बतूल दुकानात आली की तो तिच्यापुढे पत्र्याचा तुकडा आणि छोटी हातोडी ठेवी आणि अदबीने विचारी, "काय उस्ताद, बसतेस?" सहा वर्षांची बतूल गंभीर चेहऱ्याने दोनदा मान हलवून हो म्हणायची आणि समोर मांडी घालून बसायची. तिच्या बारशाला त्या दोघांनी मिळून तांब्याचं एक मोठं तबक घडवलं होतं. थामीच्या घरी चहा अजून त्यातच येतो.

नऊ वर्षांपूर्वी बूश्ता छातीच्या दुखण्याने गेला. शेवटच्या दुपारी त्याने थामीला बोलावून घेतलं. थामीचे कान तेव्हा जवळजवळ मिटले होते. ओठ वाचायला तो शिकला होता, पण बूश्ताच्या ओठांवर झुपकेदार मिशी होती आणि आवाजात काही दम उरला नव्हता. बूश्ताने त्याचं मनगट धरलं, जवळ ओढलं आणि बराच वेळ बोलला. अधूनमधून थांबून श्वास घेतला आणि पुन्हा बोलला. मग उत्तरासाठी थामीच्या तोंडाकडे बघत राहिला.

मरणाऱ्या माणसाला 'काय म्हणालास?' असं कसं विचारायचं? थामी हसला. दोनदा मान हलवली. "हो रे, हो. तसंच करू," म्हणाला.

बूश्ताने मनगट सोडलं आणि डोळे मिटले. दिवेलागणीच्या आत तो गेला.

थामीने हे कुणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. त्याने वचन तर दिलं होतं, पण कशाचं ते त्याला माहीत नव्हतं. आतल्या खोलीत एक अर्धवट भांडं पडलं होतं, संत्र्याच्या फुलांचा अर्क काढायचा मोठा हंडा, दोघांनी त्याच हिवाळ्यात सुरू केलेला. तो वितळवू नकोस असं बूश्ता म्हणाला असेल, की वितळव असंच म्हणाला असेल? थामीने काहीच केलं नाही. हंड्यावर पोतं टाकलं, मधलं दार बंद केलं आणि किल्ली बूश्ताच्या बायकोकडे, सगळे अदबीने 'लल्ला' म्हणत त्या रकियाकडे देऊन टाकली. ती समोरून आली की तो अजूनही गल्ली बदलायचा.

तर हा असा थामी, एकाहत्तर वर्षांचा, दोन्ही कानांमागे पिवळसर यंत्रं लावून वसंतातल्या एका सोमवारी चौकात आला.

"आलं का ऐकू?" शेजारच्या दुकानातला अल्लाल ओरडला. "मग बारा वर्षांच्या शिव्यांचं काय करायचं, पहिल्यापासून देऊ?"

"दे. पण हळू दे, मशीन नवीन आहे."

"ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. तू आजवर नुसतं मनाचंच केलंस."

ते दिवस थामीला फार आवडले. उंचावरून पेल्यात पडणाऱ्या चहाचा आवाज त्याला तरुणपणी होता तसाच सापडला. मिनारावरच्या करकोच्यांच्या चोची कडकडायच्या, ते तो मान वर करून लहान मुलासारखं ऐके. कुठे हौदात पाणी पडतंय, कुठे खेचराची नाल घसरतेय, सगळं परत येत होतं. चौक मात्र रोडावला होता. चाळीस दुकानांची आता नऊ राहिली होती, बाकीच्यांत चपला आणि टोप्या टांगलेल्या. त्याला वाटलं होतं, कान उघडले की जुना गजर ऐकू येईल. तो त्याच्या बहिरेपणातच कधीतरी संपून गेला होता, आणि याचं त्याला खरोखर वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी एका पातेल्याचा काठ मठारताना त्याला दुसरा हातोडा ऐकू आला.

त्याच्या दोन ठोक्यांच्या मधे येत होता. थामी थांबला, तोही थांबला. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, मेंदूला आवाज ओळखायला तीन महिने लागतात, तोवर काहीबाही ऐकू येईल. प्रतिध्वनी असेल, असं धरून त्याने वेग कमी केला. प्रतिध्वनी आपल्या ठोक्यामागून ठरलेल्या वेळाने येतो, ठोके सावकाश घातले तरी त्याचं अंतर तेवढंच राहतं. हा तसा नव्हता. थामी जेवढा सावकाश होई तेवढा तोही होई आणि नेमका मधोमध पडे.

त्याने खुणेने अल्लालला विचारलं, कोण ठोकतंय?

"तूच," अल्लाल म्हणाला. "दुसरं कोण?"

थामीने यंत्रं काढली आणि ठोका घातला. काही ऐकू आलं नाही. पण त्यावरून काय ठरवायचं? यंत्रांशिवाय त्याला स्वतःचा हातोडासुद्धा ऐकू येत नव्हता.

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली नाही. वाटला तो आनंद, आणि आनंद झाला म्हणूनच त्याने कुणाला काही सांगितलं नाही. पुढचे तीन आठवडे तो रोज दुपारी, चौक जरा सुस्तावला की, त्या मधल्या ठोक्याबरोबर काम करत बसे. हात हलके झाले, खांदा दुखायचा थांबला. एकदा तर त्याने सवयीने जुना टोमणाही मारला, "डावखुऱ्या, कुठल्या सासुरवाडीला जायची घाई आहे?" आणि मग स्वतःच ओशाळून इकडेतिकडे बघितलं.

शुक्रवारी चौक बंद असतो. त्या शुक्रवारी जेवण उरकल्यावर थामीच्या लक्षात आलं की यंत्रं कानांत आहेत, पण त्यांची रिकामी डबी दुकानातच राहिलीय. तो ती आणायला गेला. सगळी दुकानं बंद होती, झाडाखाली एक मांजर झोपलं होतं. त्याने कुलूप काढलं आणि दारातच उभा राहिला.

आत हातोडा चालू होता. मधल्या दारापलीकडे.

एकच हातोडा. ठोका, मग मोकळी जागा, मग ठोका. ती मोकळी जागा कुणासाठी सोडलेली आहे, हे थामीला सांगावं लागलं नाही. त्याने फळीवर तळहात ठेवला. लाकूड प्रत्येक ठोक्याला थरथरत होतं, आणि हाताला काही यंत्र लावलेलं नव्हतं.

मंगळवारी दवाखान्यात तपासणी होती. बतूल राबातहून त्यासाठी मुद्दाम आली होती. बाईंनी यंत्रं तारेने संगणकाला जोडली. यंत्रं आपली नोंद ठेवतात, त्या म्हणाल्या, किती तास लावली, भोवती काय होतं, गोंगाट की शांतता की बोलणं.

"रोज अकरा तास. शाब्बास," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "आणि गप्पाही भरपूर चाललेल्या दिसतात. रोज दुपारी दोन तास. शांत जागेत, अगदी जवळून. कोण असतं एवढं बोलायला?"

"कुणी नाही," थामी म्हणाला. "मी एकटाच असतो. नुसता हातोडा ऐकू येतो."

"हातोडा गोंगाटात धरला जातो. हे बोलणं आहे. रेडिओ असेल."

"रेडिओ नाही माझ्याकडे."

बाईंनी खांदे उडवले. "कधीकधी यंत्र आवाज पकडतं पण कानाला शब्द कळत नाहीत. यंत्र आवाज मोठा करून देतं, समजायचं काम कानाच्या आतल्या नसांचं. तुमच्या नसा फार झिजल्यात, मआल्लम. कुणी फार हळू बोलत असेल तर तुम्हाला नाहीच कळणार." मआल्लम म्हणजे कारागिरांतला उस्ताद, आमच्याकडे अनोळखी माणूसही तांबटाला अशीच हाक मारतो. मग त्या बतूलकडे वळल्या. "महिन्यातून एकदा तुम्ही स्वतःच्या कानाला लावून बघत जा. आवाज स्वच्छ येतोय ना, एवढंच. त्यांना ते कळायचं नाही."

बतूलने मान हलवली. "आणि बा, तू एकटा बडबडतोस होय रे?" ती जिना उतरताना म्हणाली. "आईला सांगायला हवं होतं. ती म्हणायची, या माणसाच्या तोंडून शब्द काढायला सांडशी लागते."

तिला गाडीत बसवून थामी तसाच लल्ला रकियाच्या घरी गेला. नऊ वर्षांनी.

रकिया अंगणात बसली होती. समोर चादरीवर संत्र्याच्या फुलांचा ढीग, कोपऱ्यात अर्काची भट्टी. तिने त्याच्या कानांकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"या, सी थामी," ती जुन्याच अदबीने म्हणाली. "रस्ता सापडला म्हणायचा."

"किल्ली हवी होती."

"हाक मारली वाटतं त्याने." ती फुलं निवडतच राहिली.

थामी चादरीच्या कडेला खाली बसला. "लल्ला रकिया, त्या दिवशी तुम्ही पडद्याआड होतात."

"होते ना. एकूण एक शब्द ऐकला."

"काय म्हणाला तो?"

तिचे हात थांबले. "असं काय विचारता? तुम्हीच तर हो म्हणालात."

"मला ऐकू आलं नव्हतं." नऊ वर्षं घशात अडकलेलं वाक्य इतकं लहान होतं. "एक शब्दही नाही. लाज वाटली विचारायची, म्हणून मान हलवली."

रकियाने हातातलं फूल खाली ठेवलं. भट्टीतून थेंब पडत होते, ते थामीला एकेक ऐकू येत होते.

"आणि मी नऊ वर्षं तुमच्या नावाने दुवा मागतेय," ती शेवटी म्हणाली. "म्हटलं, बायको नाही करणार एवढं या माणसाने केलं, आणि तेही हसत हसत." तिने डोईवरच्या रुमालाने तोंड पुसलं. "तो म्हणाला, हंडा वितळवू नकोस. माझी बाजू मी पुरी करीन, कितीही वर्षं लागोत. झाली की तुला हाक मारीन. मग तू समोर येऊन बस, तुझी बाजू कर. आणि शेवटचा ठोका पडला की दोघं मिळूनच उठू, मला एकट्याला जायची भीती वाटते रे. असं म्हणाला."

तिने कमरेची किल्ली सोडून त्याच्या हातात दिली आणि पुन्हा फुलं निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी थामीने मधलं दार उघडलं. नऊ वर्षांची धूळ जमिनीवर जशीच्या तशी होती. तिच्यावर पाऊल नव्हतं, उंदराचंसुद्धा. पोतं मात्र घडी करून बाजूला ठेवलेलं होतं, बूश्ता ठेवायचा तसं, चार पदरी.

हंड्याची अलीकडची बाजू हिरवी पडली होती. ती थामीची. पलीकडची बाजू काठापर्यंत मठारून पुरी झाली होती. तांबं लालभडक होतं, आणि प्रत्येक ठोका किंचित डावीकडे कललेला.

त्याने बोट लावलं. पत्रा कोमट होता.

थामीचा हात आपसूक आपल्या हातोड्याकडे गेला, हे खोटं कशाला सांगा? पन्नास वर्षांची सवय होती, आणि समोर त्याचा बूश्ता होता. बसावं, असं त्याला फार वाटलं. पण बतूल दहा दिवसांनी येणार होती. तिचा हळू आवाज त्याला आत्ता कुठे मिळाला होता. त्याला मरायचं नव्हतं.

"बूश्ता," तो म्हणाला. "मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं. मी उगाच हो म्हणालो, तुला वाईट वाटू नये म्हणून. तो होकार मी परत घेतो. मी नाही बसणार."

कानांत काहीतरी सुरू झालं. हातोडा नव्हे. भिंतीआड कुणी बोलतंय अशी पुटपुट, सलग, समजावणीच्या सुरातली. शब्द एकही कळेना. ती थांबली, आणि कुणीतरी उत्तराची वाट बघतंय असं थामीला स्पष्ट जाणवलं.

त्याची मान सवयीने खाली येऊ लागली. त्याने हाताने हनुवटी धरली आणि मान जागच्या जागी थोपवली.

"नाही!" तो ओरडला. "माझ्यावर अवलंबून राहू नकोस. माझ्या जागी दुसरं कुणीतरी बघ."

पुटपुट बंद झाली.

त्याने हंड्यावर पोतं टाकलं, दार लावलं, किल्ली अल्लालच्या हाती रकियाकडे पाठवून दिली. पुढचे दहा दिवस त्याच्या ठोक्यांच्या मधे काहीही आलं नाही. सुटलो, असं तो स्वतःशी म्हणे आणि लगेच त्याला चुकल्याचुकल्यासारखं होई. खांदा पुन्हा दुखायला लागला. दुपारी चौकात इतकं शांत वाटे की कधीकधी तो यंत्रं काढून ठेवी, म्हणजे निदान त्या शांततेचं कारण तरी समजे.

शनिवारी बतूल आली. गच्चीवर ऊन होतं, दोरीवर तिने त्याचे सदरे वाळत घातले होते. तबकात चहा, पुदिना, बदामाच्या करंज्या. ती शाळेतल्या गमती सांगत होती आणि थामी त्यातला शब्द न् शब्द ऐकत होता.

"आण बघू तुझे कान," चहा झाल्यावर ती म्हणाली. "त्या बाईंनी सांगितलंय, तपासायचेत."

तिने दोन्ही यंत्रं त्याच्या कानांतून काढली. जग मिटलं. दोरीवरचे सदरे आवाज न करता हलत राहिले. तिने फडक्याने यंत्रं पुसली, त्यातलं एक स्वतःच्या उजव्या कानात बसवलं आणि डोकं जरा कलतं करून ऐकू लागली.

थामी तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

आधी तिच्या कपाळावर आठी पडली. मग ती आठी विरली आणि तिचा चेहरा सहा वर्षांच्या पोरीसारखा झाला. ती हसली. तिने गंभीरपणे, दोनदा, मान हलवली. ओठ हलले. हा एकच शब्द ओठांवर वाचायला थामीला कधीच अडचण आली नव्हती.

हो.

"कुणाला म्हणालीस?" आपण किती मोठ्याने ओरडलो ते त्याला कळलं नाही. बतूलने दचकून यंत्र काढलं आणि त्याच्याकडे तोंड करून, सावकाश, ओठ नीट हलवत सांगितलं.

"कुणीतरी म्हाताऱ्यासारखं बोललं. शेजारच्या गच्चीवरचं असेल, या मशीनमध्ये सगळं जवळ येतं. खूप दमलेला आवाज होता रे. पुढचं नाही कळलं. 'बसतेस?' एवढंच कळलं."

"मग?"

"मग काय? हो म्हटलं." ती हसली. "म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

ती पुन्हा काहीतरी सांगू लागली, पण थामी तिच्या ओठांकडे बघत नव्हता. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं तबकाच्या काठावर पडत होती. तिच्या लक्षातही नव्हतं ते. ठोका, मग मोकळी जागा, मग ठोका.

थामीने तबकावर तळहात टेकवला, पलीकडच्या बाजूला, जिथे मठार डावीकडे कललेला होता. तिच्या प्रत्येक दोन ठोक्यांच्या बरोबर मधे, खालून, तांबं थरथरत होतं.